न भरणारी टाकी

कुठल्याही नव्या जागी पाऊल टाकलं की ते आधी उजवी टाच जमिनीवर आपटत. मग मान जराशी कलती करून उभे राहत. सोबतचा माणूस बोलत असेल तर हात वर करून म्हणत, "थांबा जरा. आयकू द्या."

लग्नाच्या मांडवात, देवळाच्या ओसरीवर, एस.टी.च्या थांब्यावर, सगळीकडे हेच. एकदा बुलढाण्याला एका कचेरीत त्यांनी फरशीवर टाच हाणली, तेव्हा शिपाई धावत आला. त्याला वाटलं विंचू निघाला.

"मारला का?" त्यानं विचारलं.

"नाई बावा. हाये का, ते पाहून राह्यलो," ते शांतपणे म्हणाले.

आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असं एखादं माणूस असतं. त्याच्या लकबीची नक्कल करून आपण दुसऱ्यांना हसवतो. मीही हसवलं आहे. घरी बायकोपुढे टाच आपटून दाखवली आहे.

धाडच्या बाजूला एका गावात मुलांचं बोर्डिंग होतं, त्याचे ते सुपरिंटेंडेंट. सगळे त्यांना दादाजी म्हणत. त्यांचे पुतणे अजून त्या गावात नांदतात, म्हणून नाव सांगत नाही. घर मोठ्या शेतीचं. बोर्डिंगची जागा त्यांच्या वडिलांनीच दिलेली. लग्न केलं नव्हतं. उंच, किडकिडीत, धोतर नेहमी घोट्याच्या वर. पोरांच्या डोक्याला तेल आहे का, हे ते डोक्यावर हात फिरवून बघत आणि मग तोच हात स्वतःच्या टकलावर पुसत.

पोरं सगळ्या घरांतली होती. कुणब्यांची, माळ्यांची, बौद्धांची. जेवायला एकच रांग, आणि रांगेच्या शेवटी स्वतः दादाजी. एखाद्याचा बाप तक्रार घेऊन आला की ते भांडत नसत. "घरी ने मंग त्याले. रांग हेच राहीन," एवढंच म्हणत. बाप बहुधा पोराला ठेवून जाई.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. फीची सवलत मिळू लागली आणि बोर्डिंगमध्ये पोरांची गर्दी झाली. संडासाची टाकी मात्र जुनीच, मूठभर पोरांसाठी बांधलेली. ती तुंबून स्वयंपाकघरामागे वाहू लागली. पोरं तापानं आणि जुलाबानं आडवी पडू लागली. मोठी टाकी मंजूर झाली, आणि बांधकाम खात्यातला नवा ओव्हरसियर म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

दादाजींनी मला पहिल्या भेटीत एवढंच विचारलं, "खोदाच लागते काय? दुसरा काही उपाय नाई?"

मी म्हटलं, टाकी आभाळात तर बांधता येणार नाही. ते हसले नाहीत.

मुरूम कडक होता. मजूर पहारीनं खणत होते. एका सकाळी पहार मुठीपर्यंत आत गेली आणि जमिनीतून आंबूस, गार हवा वर आली. माती बाजूला केली तर खाली दगडाचं झाकण निघालं, त्याच्या कडेच्या फटीतून पहार गेली होती. ते पेव होतं. आमच्या भागात पूर्वी ज्वारी अशीच साठवत. जमिनीत रांजणासारखा खड्डा, तोंड अरुंद, पोट रुंद, माणूस सहज उभा राहील एवढा खोल.

सुखदेव नावाच्या मजुरानं झाकण सरकवलं, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि पाय आत सोडला सुद्धा. तेवढ्यात ओसरीवरून दादाजी धावत आले. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. त्यांनी सुखदेवची मानगूट धरली.

"निंघ बे वर. आंधी दिवा सोड."

कंदील दोरीनं खाली सोडला. थोडा खाली गेला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. सुखदेव पायात चपला घालून लांब जाऊन बसला. त्या दिवशी कोणी काम केलं नाही.

दुपारी ओसरीवर त्यांनी मला सांगितलं. ते अगदी लहान असताना घरी पेवातून ज्वारी काढणं चाललं होतं. पेव काही दिवस उपसलं, मधे कोणाचं तरी लग्न आलं म्हणून परत झाकून ठेवलं. लग्नानंतर झाकण काढल्याबरोबर थोरला भाऊ आत उतरला. कोंडलेल्या हवेनं तो खालीच राहिला. त्याला दोरानं वर ओढला तेव्हा काही उरलं नव्हतं. वडिलांनी त्याच दिवशी पेवांची तोंडं बुजवली, वर माती पसरली आणि पुढं ती जागा बोर्डिंगला देऊन टाकली. घरातलं कोणी त्या जमिनीवर पाऊल टाकेना. पेवं कुठं होती, हे वडिलांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. आईला विचारलं तर ती उठून आत जाई.

"पेवं?" मी विचारलं. "म्हणजे एकापेक्षा जास्त?"

"आमच्या घरची रीतच हाये ते. पेव एकटं नसते, साहेब. एक खायाचं, एक आडवर्षाचं, दुष्काळाले. शेजारी शेजारी."

कडुनिंबाच्या फांद्या दोराला बांधून आम्ही कितीतरी वेळा खालीवर केल्या, हवा ढवळली. कंदील खाली टिकू लागला तेव्हा मजूर उतरले. पेव भरलेलंच झाकलं होतं, ज्वारी कुजून निम्म्यावर बसली होती. तिची काळी ढेकळं झाली होती. दादाजींनी एक ढेकूळ हातात घेऊन चुरलं, वास घेतला आणि खाली टाकलं.

"हे ते नव्हे," ते म्हणाले. "भाऊ उतरला ते उपसून राह्यले होते. ते रिकामं हाये."

मला मात्र आनंद झाला होता. जुन्या टाकीच्या कितीतरी पट मोठा खड्डा आयता मिळाला होता. आतून विटा लावायच्या, गिलावा करायचा, वर स्लॅब टाकायचा. जास्तीचं पाणी वरच्या नळीतून शोषखड्ड्यात जाईल. ते म्हणाले, दुसरं सापडू द्या, मग हे भरा. मी अंगणात ठिकठिकाणी पहार मारून पाहिली. सगळीकडे घट्ट लागलं. खोल्यांच्या आत पहार मारली नाही. चांगली फरशी कोण फोडतं?

टाकी झाली. वरचे साहेब येऊन पाहून गेले, माझी पाठ थोपटून गेले. स्वयंपाकघरामागची घाण वाळली, पोरांचे ताप थांबले. गावात ती कौतुकाची गोष्ट झाली. इतकी मोठी टाकी की भरतच नाही. वरच्या नळीतून कधी थेंब आला नाही. बोर्डिंगचे अध्यक्ष पाहुण्यांना मुद्दाम मागं नेऊन ती कोरडी नळी दाखवत.

एके दिवशी दादाजी चिखलीला माझ्या कचेरीत आले. दारातच टाच आपटली, ऐकलं आणि मग बसले. ते दर आठवड्याला झाकण काढून टाकीत बांबू सोडून बघत होते.

"एवढे पोरं," ते म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ बादल्यांनी पाणी. मंग टाकी भरून काऊन नाई राह्यली? हे पाणी कुठं जाऊन राह्यलं, साहेब?"

प्रश्न साधा होता आणि उत्तर मला येत होतं. गिलावा कुठंतरी फुटला असेल, पाणी मुरमात जात असेल. पण पाहायचं म्हणजे टाकी उपसायची, संडास बंद ठेवायचे, परीक्षेच्या तोंडावर पोरं घरी पाठवायची. आणि ज्या कामासाठी माझी पाठ थोपटली गेली, त्या कामात खोट निघणार. मी म्हटलं, टाकी मोठी आहे दादाजी, वेळ लागेल. परीक्षा झाल्या की येतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दाखल्यासाठी आलेला माणूस साहेब जेवायला गेले असं ऐकून पाहतो, तसं.

"बरं," ते म्हणाले. "तवर मी पाह्यतो."

त्यांनी काय पाहिलं, ते मला नंतर स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं. ते खोलीखोलीतून टाच आपटत फिरले. टाकीच्या बाजूच्या खोलीत फरशी पोकळ वाजली, तिथं खूप वेळ थांबले. त्याच दिवशी तिथली पोरं बिछान्यांसकट बाहेर काढली, दुसऱ्या खोल्यांत आणि ओसरीवर दाटीनं निजवली, आणि खोलीला कुलूप घातलं. अध्यक्ष आले तेव्हा भडकले. पोरांना जागा नाही आणि खोली रिकामी? त्यांनी कुलूप काढायला लावलं. पोरं परत आत गेली. दादाजींनी त्यांना गाडीपर्यंत पोचवलं. अध्यक्षांची गाडी गेल्यावर पोरांना पुन्हा बाहेर काढलं आणि आपली खाट, आपली ट्रंक त्या खोलीत नेऊन टाकली. कुलूप कोणीही उघडायला लावतं. म्हाताऱ्या माणसाला खाटेवरून उठ म्हणायला मात्र लोकांना जड जातं.

लोक बोलायचे राहिले नाहीत. धाडच्या बाजारात मला एकानं सांगितलं, तुमच्या दादाजींना म्हातारपणी एकट्याला खोली पाहिजे, पोरं बिचारी ओसरीवर. मी हसलो.

परीक्षा संपायच्या आत निरोप आला. सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ कोणीतरी सांगून पाठवलं होतं. मी पोचलो तेव्हा अंगणात गाव जमलं होतं. खोलीचं दार उघडं होतं. उंबऱ्याच्या आत ट्रंक तिरपी अडकली होती. तिच्या पुढं जमीन नव्हती. खाट नव्हती. ओल्या मुरमाची गोल कड होती आणि खालून टाकीचा ओळखीचा वास येत होता.

आम्ही हाका मारल्या. सगळ्यांनी मिळून मारल्या. खालून उत्तर आलं नाही.

सुखदेव तिथंच होता. त्यानं कमरेला दोर बांधलेला, एक पाय काठावर. मी त्याची मानगूट धरली.

"आधी दिवा."

स्वयंपाकीणबाईंनी कंदील पेटवून आणला. मी तो दोरीनं खाली सोडला. ज्योत बारीक झाली आणि विझली. अध्यक्ष रडवेल्या आवाजात माझ्यावर ओरडले, माणूस खाली आहे आणि तुम्ही थांबता कसले? मी म्हटलं, थांबा. सुखदेव सुटायला झटत होता, मी त्याला सोडलं नाही. कोणीतरी कडुनिंबावर चढून फांद्या तोडू लागलं.

मी थांबवलं ते बरोबरच होतं. नाहीतर खाली दोन माणसं राहिली असती. आज मला त्याचा दिलासा मिळायला हवा. मिळत नाही. थांबा म्हणायची माझी वेळ त्याआधीच, चिखलीच्या कचेरीत, येऊन गेली होती.

त्यांना वर काढेपर्यंत दुपार झाली.

पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं. पोरांनी हे पाहू नये म्हणून मी त्यांना देवळाकडे न्यायला सांगितलं. ओसरीवरून ती ओळीनं उतरली. काल संध्याकाळपर्यंत दादाजींची नक्कल करणारी हीच पोरं. पहिल्यानं अंगणात पाय ठेवण्याआधी टाच आपटली, मान कलती केली आणि ऐकलं. मग पाऊल टाकलं. त्याच्या मागच्यानंही तसंच केलं. मग त्याच्याही मागच्यानं. एवढं मोठं अंगण ओलांडायला त्यांना फार वेळ लागला. सगळं गाव उभं होतं आणि कोणी हसलं नाही.