एका बाजूची भिंत

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. म्हणजे — अर्धी सांगितली, गेल्या दिवाळीच्या आधी, भिंत पडली तेव्हा. उरलेली अर्धी पोटातच आहे, आणि खरी गोष्ट तीच. तुम्ही म्हणाल, एवढं वय झालं, आता काय सांगायचं राहिलं? राहिलं आहे ना. बसा जरा. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पुढचं सगळं पोराच्या पुस्तकांतून आणि किराण्याच्या पुड्यांवरच्या कागदांतून वाचून आलं. सरळ रेघेत लिहिणं मला जमत नाही. बोलते तशी लिहिते.

शहराच्या कडेला, हुडकेश्वरला आम्ही प्लॉट घेतला तेव्हा इथे घरं मोजकीच होती. शेताचा लेआऊट झालेला, पण शेतपण गेलं नव्हतं — चालताना पायाला तुरीची धसकटं टोचायची. आम्ही मूळचे काटोलकडचे, हे सरकारी कचेरीत कारकून. घर उभं राहिलं आणि हातातले पैसे संपले. कोणाचे संपत नाहीत? पण कंपाउंड तर पाहिजेच होतं. डुकरं थेट ओट्यापर्यंत यायची, एकदा तर वाळत घातलेल्या कुरड्या खाऊन गेली.

घरातला हिशेब माझ्याकडे असायचा. हे पगार आणून देत आणि मोकळे होत. तर कुंपण कशाचं करायचं हे मीच ठरवायला बसले. बांबूच्या ताट्या सगळ्यात स्वस्त, पण दोन पावसाळ्यांत वाळवी लागते. काटेरी तार त्याच्या जराशी वर — सिमेंटचे खांब रोवायचे, तार ओढायची, झालं. जाळी घ्यायची तर खर्च तारेच्या दुप्पट. टिनाचे पत्रे वादळात उडतात आणि मे महिन्यात आगीसारखे तापतात. आणि विटांची भिंत सगळ्यात महाग, कारण आमच्याकडची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशी फाटते. ती काढून मुरूम भरला, पायवा खोल घेतला, तरच भिंत उभी राहते. विटांपेक्षा जास्त पैसा जमिनीतच जातो.

मी हिशेब बसवला — तीन बाजूंनी तार, आणि एका बाजूने डोक्याइतकी उंच विटांची भिंत.

आता तुम्हीच सांगा, डुकरं काय एकाच बाजूने येतात?

यांनीही हेच विचारलं होतं. मी म्हटलं, तिकडून धूळ येते. यांनी ऐकून घेतलं. हिशेबातलं बायकोला कळतं, असं त्यांचं मत होतं — त्या मताचा मी फायदा घेतला.

त्या बाजूला विमलताई राहायच्या. अजून राहतात. कन्हानकडून आलेलं कुटुंब, यजमान कोळशाच्या खाणीत. बौद्ध. समोरच्या खोलीत बुद्धाची मोठी तसबीर, दारात मोगरा. बाई बोलायला मोकळी, हसायला मोकळी. आमच्या घराचं काम चाललं होतं तेव्हा मिस्त्रीच्या माणसांना दुपारचं पाणी त्यांच्याकडून यायचं. मी ते बघायची. आणि भिंतीचा विचार करायची.

आमच्या लेआऊटमध्ये एक रीत होती. दोन प्लॉटांच्या मधली भिंत असली की खर्च अर्धा-अर्धा. शेजाऱ्याने आपला वाटा घेऊन यायचं, घेणाऱ्याने त्याला घरात बसवायचं, चहा करायचा, आणि दोन्ही घरांनी मिळून पायव्यात नारळ फोडायचा. साधी, चांगली रीत. तिनेच माझी पंचाईत केली.

कारण विमलताई आल्या. आम्ही काही म्हणायच्या आत, आपण होऊन. सकाळची वेळ, मी अंगणात सडा टाकत होते. हातात रुमालात गुंडाळलेले पैसे.

"सुधीरच्या आई, हे घ्या वं मधल्या भिंतीचे. आमचं अर्धं. यांचा पगार झाला काल."

त्यांनी हात पुढे केला. तारेचं काम आधीच झालं होतं, गेट लावलेलं होतं, माझा हात कडीवर होता. मी कडी काढली नाही. हातही पुढे केला नाही. म्हटलं, भिंत आम्ही आमच्या जागेत बांधतो आहोत, तुमचं काही लागत नाही.

त्यांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या. मग म्हणाल्या, "बरं." आणि गेल्या.

एवढंच. भांडण नाही, शब्द नाही. कोणी पाहिलं नाही. मग त्यात एवढं काय?

सांगते. संध्याकाळी हे कचेरीतून आले आणि पाय धुता धुता म्हणाले, तिकडच्यांचं काय, विचारलं का वाट्याचं? आणि मी म्हटलं — देत नाही म्हणतात.

इतक्या सहज म्हटलं. भाजीला मीठ जास्त झालं म्हणावं तसं. खरं सांगितलं असतं तर हे उठून स्वतः गेले असते, त्यांच्याकडे बसून चहा पिऊन, पैसे घेऊन आले असते. यांना त्यातलं काही वाटायचं नाही. कचेरीत सगळ्यांच्या डब्यातलं खाणारा माणूस. म्हणून तर खोटं बोलावं लागलं.

मग गल्लीतल्या बायकांनी विचारलं, भिंत एकट्यानेच का बांधता? त्यांनाही तेच सांगितलं. एक जण म्हणाली, "असेच असतात वं ते." ते म्हणजे कोण, हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मान हलवली. त्या मानेचं आज मला जास्त वाटतं, खोट्यापेक्षाही. पुढे नालीसाठी, रस्त्यावरच्या मुरमासाठी वर्गणी निघाली की विमलताईंच्या दारी कोणी जायचंच नाही — ते कुठे देतात! आणि दर वेळी त्या स्वतः पैसे घेऊन यायच्या. लोक घ्यायचे आणि नवल करायचे.

आणि भिंत? अर्धा वाटा गेला, पैसे कमी पडले. उंची कमी केली असती तर विमलताईंचं अंगण दिसलं असतं. म्हणून मी मिस्त्रीला खालून कमी करायला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, काळी माती आहे, पायवा घ्या बराबर." मी म्हटलं, चालते. चार विटा खाली गेल्या, बाकी सगळ्या वर. नारळ मी एकटीनेच फोडला.

नंतर काही वर्षांनी असा एक मे आला की आमच्या बोरिंगचं पाणी आटलं. मोटर नुसती घरघर करायची. टँकर कधी यायचा, कधी नाही. यांना तेव्हा उन्हाचा झटका बसलेला, घरात पडून. मी भर दुपारी रिकामी बादली घेऊन अंगणात उभी — आणि भिंतीवरून हिरवी नळी आली. नुसती नळी. मागून आवाज.

"पकडा वं सुधीरच्या आई. मोटर चालू करून राहिली."

मी पकडली. लाज वाटते सांगायला, पण सांगायलाच बसले आहे — ते पाणी मी पहिल्या दिवशी कूलरमध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी कपड्यांना वापरलं. तिसऱ्या दिवशी माठ कोरडा पडला आणि यांनी पाणी मागितलं. मी माठ भरला, यांना दिलं. मग आतल्या खोलीत जाऊन मीही प्याले. पाणी पाण्यासारखंच होतं. दुसरं कसं असणार होतं?

तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती नळी आली. मी कधी मागितली नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. आमचं बोरिंग आटलं की त्यांना मोटरच्या आवाजावरून कळायचं. एवढी वर्षं नळी आली, त्या आल्या नाहीत. मी या म्हटलंच नव्हतं. हे आपले म्हणायचे, "अजब माणसं आहेत. भिंतीचे अर्धे द्यायले नाही म्हणाले, अन् पाणी फुकट देऊन राहिले." मी पोळ्या लाटत राहायची. विमलताईंचे यजमान भिंतीपलीकडे दिसले की हे थट्टा करायचे, "काय गा भाऊ, भिंत आमची अन् सावली तुमची!" ते हसायचे. विमलताई तिथेच कपडे वाळत घालत असायच्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर माझं घर खाली आलं असतं. बोलल्या नाहीत.

आता हेही नाहीत, त्यांचे यजमानही नाहीत. यांना मी खरं सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही. सांगायला वेळ नव्हता असं नाही, भरपूर होता.

भिंत पहिल्या काही पावसाळ्यांतच कलली होती. दर वर्षी एक भेग वाढायची. आणि गेल्या भादव्यात रात्रभर पाऊस लागला, सकाळी पाहते तर मधली सगळी भिंत पलीकडे आडवी. विमलताईंचं लिंबाचं झाड खाली दबलेलं. सुधीर आला — सुधीर माझा मुलगा, मनीषनगरला राहतो — आणि त्याने चारही बाजूंचं नवीन कुंपण करायचं काढलं. तारही सडलीच होती. अंगणात खुर्ची टाकून, मोबाईलवर हिशेब करत, मोठ्याने बोलत बसला. रेडीमेड सिमेंटच्या पाट्या लवकर होतात. राखेच्या विटा लाल विटांहून स्वस्त पडतात, पण पायव्याचा खर्च तोच. समोरून ग्रील, मागून जाळी. मी ऐकत होते. विमलताई पलीकडे पदर खोचून विटा उचलत होत्या. आमच्याच विटा, आमच्या बाजूला थर लावून ठेवत होत्या.

"आणि ही मधली बाजू आपल्यालाच पूर्ण पडणार," सुधीर म्हणाला. आवाज कमी केलाच नाही. "ते तर तेव्हाही नाही म्हणाले होते. विचारायचंच नाही."

मध्ये भिंत नव्हती. विमलताईंनी ऐकलं. हातातली वीट त्यांनी थरावर ठेवली, दुसरी उचलली. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं. मला वाचवायला आता कोणी नव्हतं, आणि माझ्या पोराने माझंच खोटं माझ्या अंगणात बसून, जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं. असंच ते त्याच्या पोरांकडे जाणार होतं ना?

मी म्हटलं, "सुधीर, त्या आल्या होत्या पैसे घेऊन. मीच घेतले नाही. तुझ्या बाबाले खोटं सांगितलं."

त्याने मोबाईल खाली ठेवला. "काहून?"

"जिद्द होती माझी," मी म्हटलं.

पलीकडून विमलताई म्हणाल्या, वर न बघता, "जाऊ दे गा सुधीर. तुझी आई तवा लय श्रीमंत होती." आणि हातातल्या विटेची माती झटकली.

सुधीर हसला. मी पण हसले असेन. मी म्हटलं, विमलताई, या बाजूला आता काही नकोच, मोकळंच राहू द्या. मला वाटलं केवढं मोठं बोलले.

"काहून मोकळं?" त्या म्हणाल्या. "डुकरं काय तुमच्या घरी जेवून माझ्या घरी झोपायले येतील? कुंपण पाहिजे. जाळी लावा, माझा कारल्याचा वेल चढते. अन् खांब खोल घ्या या खेपेले, मुरूम भरून. अर्धं माझं."

आठ दिवसांनी त्या आल्या. गेटने नाही, पडलेल्या भिंतीच्या जागेतून, पिशवीत पैसे घेऊन. माझ्या घरात पहिल्यांदा. मी दोन्ही हात पुढे केले. त्या म्हणाल्या, मोजून घ्या. मी मोजले नाहीत, चहा ठेवला. खांबाच्या खड्ड्यापाशी नारळ पुढे केला तर म्हणाल्या, "आमच्यात नाही ते. तुम्ही फोडा, मी खोबरं खाईन." आणि खाल्लं. उरलेलं नातवाला म्हणून पदरात बांधून नेलं.

ही झाली सांगितलेली अर्धी. आता राहिलेली.

सुधीरने काहून विचारलं, मी जिद्द सांगितलं. ते दुसरं खोटं. जिद्द नव्हती, श्रीमंती तर नव्हतीच. विमलताई ज्या समाजातल्या होत्या त्या समाजाच्या हातातून काही घ्यायचं नाही, त्या समाजाला घरात बसवायचं नाही, म्हणून मी कडी काढली नाही. म्हणून ती भिंत एकाच बाजूला होती. दुसरं कारण नव्हतं. गावाने शिकवलं, घराने शिकवलं असं आधी इथे लिहिलं होतं, ते खोडलं. यांना त्याच गावाने वाढवलं होतं.

विमलताईंना मी हे म्हटलेलं नाही. त्यांना ते त्या सकाळीच कळलं होतं, आणि ते कळून त्यांनी एवढे उन्हाळे मोटर चालू केली. माझ्या नवऱ्याचा जीव त्या पाण्याने निवला. माझी लाज त्यांनी झाकली, माझ्या विटासुद्धा मला उचलून दिल्या. सुधीरसाठी मात्र हे कागद टीव्हीपाशी ठेवणार आहे. त्याने काहून विचारलं होतं.

आज दुपारी आमची मोटर घरघरली. नळी यंदा वरून आली नाही, जाळीतून आली, कारल्याच्या पानांमधून. मी आधी माठ भरला.