रशीदभाई आणि अण्णांची मोटार

कॉम्प्युटर उघडायच्या आधी रशीदभाई गिऱ्हाइकाला त्यावर बसवत. स्वतः हाताची घडी घालून मागे उभे राहत आणि "रोज काय करता ते करून दाखवा," एवढंच म्हणत. भिंगारच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. नव्वद सालानंतर कॉम्प्युटर आले तसे ते तेही शिकले. त्यांच्या या पद्धतीला लोक कंटाळत. मीही कंटाळलो होतो, कशाला खोटं बोलू?

मला प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलून पेंटियम बसवायचा होता. मित्रांकडे नवे खेळ सुसाट पळत आणि माझ्या जुन्या फोर-एटी-सिक्स मशीनवर ते सुरूसुद्धा होत नसत. पंचविशी उलटलेला घोडा मी, एमआयडीसीत नोकरीला, पण खेळाचं वेड जात नव्हतं. रशीदभाई सावेडीला आमच्या घरी आले. माझं खेळणं पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, या मशीनवर आणखी कोण बसतं? माझे वडील, अण्णा बसत. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात नुकता कुठे हलायला लागला होता आणि त्या हाताने ते रोज सकाळी एका जुन्या खेळातली मोटार चालवत. रशीदभाईंनी त्यांनाही खेळायला लावलं आणि बराच वेळ बघत राहिले.

निघताना दाराशी मला म्हणाले, "विजयराव, आत्ता नका बदलू. अण्णांचा खेळ जुना हाय. मशीन जेवढं जोरात, तेवढी त्यातली मोटार जोरात. पेंटियमवर त्यांना ती आवरायची न्हाई."

मला वाटलं, रेडिओवाला माणूस, नव्या मशीनला बिचकतोय. पुढच्याच आठवड्यात नगर शहरातल्या एका दुकानातून मी बोर्ड आणि प्रोसेसर बदलून आणला आणि जुने पलंगाखाली ढकलले. अण्णांना सांगायचं सुचलंही नाही. बाहेरून सगळं होतं तसंच दिसत होतं.

चार दिवस कामावरून आलो की मी नव्या खेळांत गुंग. पाचव्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. अण्णा पुन्हा डाव्या हाताने जेवायला लागले होते. मोटार सुरू होते न होते तोच आपटते, म्हणजे पुन्हा झटका येऊन गेला, हात गेला, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

 जाऊन त्यांना सगळं समजावलं, मशीनचा दोष सांगितला. अण्णा शांतपणे म्हणाले, "माझं मन राखू नकोस."

खाली मान घालून भिंगार गाठलं. रशीदभाईंना झालेलं सांगितलं. त्यांनी शटर ओढलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले.

घरी येऊन ते अण्णांच्या देखत खेळायला बसले. रेडिओतली केसाएवढी तार जोडणारे ते हात, पण मोटार पहिल्याच वळणावर आपटली. दुसऱ्यांदाही तेच. सहा-सात वेळा तेच झालं. कपाळावरचा घाम पुसत ते म्हणाले, "अण्णा, माझे दोन्ही हात धड हायेत. तरी बघा काय दशा झाली."

अण्णा त्यांच्या बोटांकडे एकटक बघत होते.

"सरका," ते म्हणाले आणि उजवा हात त्यांनी कीबोर्डवर ठेवला.

मोटार आपटली. अण्णांनी पुन्हा सुरू केली, पुन्हा आपटली. मग त्यांना हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी पलंगाखालून जुना बोर्ड ओढून काढला आणि लाजत पुढे केला. रशीदभाईंनी माझा हात धरला.

"थांबा जरा," ते हळूच म्हणाले, "अजून थोडं हरू द्या त्यांना."