कोपर मारता न येणारा गेम

अमरावतीच्या एका दुकानात नव्या शूटिंग गेमची डबी हातात धरून मी इतका वेळ उभा होतो, की दुकानदाराने सामानासोबत माझ्यावरचीही धूळ दोनदा झटकली. अकोल्याच्या धाकट्या भावाने हाच गेम घेतला होता. दर रविवारी आम्ही आपापल्या घरून ऑनलाइन खेळतो आणि खेळता खेळता बोलतो. मी घेतला नाही, तर बोलणेच बंद. पण जो तो म्हणे, जुन्याच गेमला नवा रंग दिलाय. घ्यावा की नाही?

तेवढ्यात एक काका आले. म्हणजे आधी त्यांच्या पांढऱ्या मिशा आत शिरल्या, मग काका. त्यांनी माझ्या हातातली डबी घेतली, टरबुजासारखी बोटाने वाजवून पाहिली.

"बाजूबाजूले बसून खेळता येते का?" त्यांनी दुकानदाराला विचारले.

"नाही काका. ज्यानं त्यानं आपल्या घरून."

"मंग कोपर कोणाले मारावं?" काकांनी कोपर हवेत असे हाणले, की अर्धे दुकान मागे सरकले. "मी अन् माही बुढी रोज खेळतो. हाराले लागली का मारते कोपर! थे नसंल तं गेम घ्याचा काहून?"

डबी मला परत देऊन ते गेलेसुद्धा. मी होतो त्याहून जास्त गोंधळलो आणि तिथूनच भावाला फोन लावला.

"गेम घेऊ, का रविवारी अकोल्याले येऊ?"

तो घाबरून म्हणाला, "घरी? काहून दादा, सारं बरं हाय ना?"