जिवंत माणसाकडे सही मागतात

शमुवेलकाकांवर मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही. मी त्यांच्या नात्यातला नाही, त्यांच्या धर्माचा नाही, आणि लिहिण्याची सवय म्हणाल तर उत्तरपत्रिकेपलीकडे नाही. वडील संगमेश्वराकडे गवंडीकाम करायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे काही अधिक-उणं लिहिलं गेलं तर वाचकांनी, आणि मुख्य म्हणजे काकांच्या माणसांनी, सांभाळून घ्यावं. पण मस्कतमध्ये त्यांना शेवटची माती दिली ती इक्बालने आणि मी. त्यानंतर जे कळत गेलं ते एकट्याने मनात ठेवणं मला जमेना... म्हणून लिहितो आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी मस्कतजवळच्या रुसैलला एका टाइल्सच्या कारखान्यात लागलो. काका तिथे स्टोअर सांभाळायचे. मूळचे नगर जिल्ह्यातले. तिकडे मिशनच्या शाळेत काही वर्षं शिकवून इकडे आलेले. लग्न केलं नव्हतं. कंपनीच्या खोलीत त्यांची खाट माझ्या शेजारी होती. त्यांची एक सवय पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आली. कुठेही बसायच्या आधी ते हलकेच विचारायचे, "इथं कोणी आहे का?" बाक रिकामा असला, आसपास माणूस नसला, तरी विचारायचे आणि जरा थांबायचे. बहुतेक वेळा मग बसायचे. पण कधीकधी मान हलवून पुढे जायचे आणि दुसरी जागा बघायचे. कारखान्यातले लोक हसायचे. मीही हसायचो, पण त्यांनी सोडलेल्या जागेवर मी कधी बसलो नाही.

मी तेव्हा बाहेरून बी.ए. करत होतो. एका विषयात प्राचीन समाजावर निबंध लिहून पाठवायचा होता, आणि माझ्या वाट्याला आलं होतं जुन्या इस्राएली लोकांचं कुटुंब, जमीन आणि वारसा. मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. काकांना सांगितलं तर त्यांनी उशाखालचं बायबल काढलं आणि शिकवायला बसले. त्यांच्यातला मास्तर जागा झाला होता. एक माणूस रानात वारला, त्याला मुलगा नव्हता, सगळ्या मुलीच. त्या लोकांचा पुढारी मोशे, त्याच्यापुढे त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं, आम्हाला जमीन द्या. आणि कायदा बदलला. काकांनी या बहिणी सहा सांगितल्या. मी पुस्तकात पाहिलं तर पाच. तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "एक मी माझ्या पदरची घातली. आमच्या गावाकडची धरून."

ती गावाकडची मुलगी कोण, हे मला हळूहळू कळलं. काकांचे थोरले भाऊ वारले होते. मागे वहिनी आणि मुलगी, मार्था. शेत दोघा भावांच्या नावावर सामाईक. चुलतभाऊ याकोब हा गावातला वजनदार माणूस, चर्चच्या मंडळीचा पंच. मार्थाने आणि काकांनी हक्कसोडपत्र करून द्यावं, म्हणजे शेत आपल्याकडे येईल, असा त्याचा लकडा होता. सुट्टीवरून परतणाऱ्या कोणा ना कोणाबरोबर तो कागद पाठवायचा आणि काका ते सही न करता परत धाडायचे. एकदा तर त्याने त्याच बहिणींचा दाखला दिला. पुढे त्यांना चुलत्यांच्या घरातच लग्नं करायला सांगितलं होतं, म्हणजे जमीन कुळाबाहेर जाऊ नये. तर मार्थाला माझ्या पोराला द्या. काका संतापले नाहीत, हसले. "आपल्यात चुलतभाऊ म्हणजे सख्खा भाऊ. शास्त्र आठवतं, तेवढी लाज आठवत नाही याकोबला."

इक्बाल आमच्या बसचा ड्रायव्हर, दापोलीकडचा. एका शुक्रवारी तो आम्हा दोघांना अल खौदच्या पुढे, वादीच्या, म्हणजे डोंगरातल्या नदीच्या पात्राच्या आत, जेवण करायला घेऊन गेला. तिथे उघड्या डोंगराच्या कडेवर दगडांचे गोल ढिगारे दिसतात. फार जुन्या कबरी आहेत असं म्हणतात, कोणाच्या ते कोणालाच ठाऊक नाही. मी आणि काका पाणी आणायला खाली गेलो तेवढ्यात इक्बालने एका ढिगातले चपटे दगड काढून चूल मांडली. काका परत आले, चुलीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, जेवण होऊ दे, पण दगड जागेवर गेले पाहिजेत.

"काका, मालकाचा पत्ता द्या, भाडं पाठवतो," इक्बाल म्हणाला.

"पत्ता हाच आहे," काका म्हणाले.

जेवण झाल्यावर इक्बाल कुरकुरत, काजळलेले दगड फडक्यात धरून वर चढला. मीही मागे गेलो. तो ढिगाभोवती एकदा फिरला, पुन्हा फिरला... आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. दगड काढल्याची खाच कुठेच नव्हती. ढीग पुरा होता, दगडाला दगड नीट बसलेला. जवळपास दुसरा ढीग नव्हता. ऊन एवढं होतं की मी म्हटलं, डोळे दिपले असतील. आम्ही ते दगड बाजूला ठेवून खाली आलो. पुढे त्या रस्त्याने बस न्यायची वेळ आली की इक्बाल डोंगराकडे बघून सलाम करायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "मोठ्यांच्या घरावरनं जाताना करतोच ना आपण?"

त्या दिवशी काका मला जे बोलले ते मी निबंधात लिहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नव्हता. ते म्हणाले, त्या जुन्या लोकांत जमिनीचा खरा मालक पुरलेला माणूस. जिवंत फक्त कसणारे. म्हणून परक्या मुलखात आलेल्या अब्राहामाने बायको वारल्यावर फुकट मिळणारी जागा घेतली नाही, दाम मोजून गुहा घेतली; त्याची पहिली जमीन म्हणजे कबर. म्हणून योसेफाने मिसर देशात मरताना शपथ घातली की माझी हाडं इथे ठेवू नका, घरी न्या. "आमच्या गावात वेगळं कब्रस्तान नाही," काका म्हणाले. "आमची माणसं शेतातच, बांधाला. आजा, बाप, दादा. ते तिथं आहेत म्हणून शेत आमचं आहे."

पुढच्या वर्षी नांगरणीच्या दिवसांत बातमी आली की याकोबने शेतात ट्रॅक्टर घातला, थोरल्या भावाच्या कबरीवरून नांगर फिरवला आणि तारेचं कुंपण ओढलं. टेलिफोन बूथमधून काका बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा शांत होता. मी म्हटलं, रजा घ्या, जाऊन या, पोलिसांत द्या. ते खोलीच्या दिशेने चालू लागले.

"जाणारच आहे. पण जिवंत जाऊन उपयोग नाही, सुधीर," ते म्हणाले. "जिवंत माणसाकडे सही मागतात. मेलेल्याकडे कोण मागणार?"

असं काही बोलू नका, म्हणालो. त्यांनी माझा हात धरला आणि वचन घेतलं, की काही झालं तर मला घरी पाठव, दादाच्या शेजारी. मी शेतात असेन तर मार्थाला कोणी उठवणार नाही. मी हो म्हटलं. त्यानंतर मात्र ते अगदी मोकळे झाले, एखादा माणूस तिकीट पक्कं झाल्यावर होतो तसे. मला त्या मोकळेपणाची भीती वाटायची.

यंदा मार्चमध्ये, दुपारच्या जेवणानंतर, ते स्टोअरमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. मी तिथेच होतो. बसायच्या आधी त्यांनी नेहमीसारखं विचारलं होतं, आणि नेहमीपेक्षा जास्त थांबले होते.

ऑफिसने गावाला फोन लावला. त्यांच्याकडे नंबर होता तो याकोबच्या घरचा. जवळचा पुरुष नातेवाईक तोच, आणि त्याने फॅक्सने लिहून पाठवलं की तिकडेच पुरा, आमची हरकत नाही. मी ऑफिसात जाऊन हात जोडले, वचनाचं सांगितलं, मार्थाचं सांगितलं. तिथला माणूस वाईट नव्हता. "नातेवाइकाचं पत्र आलं, खलास," तो म्हणाला, "तू कोण त्याचा?" मस्कतमधल्या ख्रिस्ती कब्रस्तानात, चहूबाजूंनी बोडके डोंगर आहेत तिथे, आम्ही काकांना पुरलं. इक्बालने आणि मी हातांनी माती लोटली. पेटी खाली जाताना मी पाहिली, खड्डा भरताना पाहिला, वर दगड बसवताना पाहिला. हे मुद्दाम लिहितो आहे.

नंतरचे तीन महिने मला मार्थाला पत्र लिहायचं धैर्य झालं नाही. वचन मोडलं होतं, आणि शेत तर आता गेलंच असणार. शेवटी गेल्या शुक्रवारी तिचाच फोन आला, तालुक्याच्या गावाहून. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ती म्हणाली, दादा, कुंपण निघालं. याकोबकाकांनी पेरणीला लावलेली माणसं दुपारनंतर शेतात थांबेनात. कारण विचारलं तर सांगेनात, मजुरी वाढवून दिली तरी येईनात. मग याकोबकाका स्वतः गेले, एकटेच. दिवे लागायच्या सुमाराला परत आले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात येऊन उभे राहिले, तिला तलाठ्याकडे घेऊन गेले आणि शेतावर आपला हक्क नाही, कब्जा सोडला, असं पंचांसमोर लिहून दिलं. काय पाहिलं ते कोणालाही सांगितलं नाही. फक्त सही करून झाल्यावर, हातातलं पेन खाली न ठेवता, त्यांनी तिला विचारलं, आणि आता तेच ती मला विचारत होती.

"शमुवेलला तिकडंच पुरलंय ना? नक्की?"