पेंढेमास्तरांचा तंबू

कपबशांच्या कारखान्यात पॅकिंग खात्याचे जे मुकादम होते, त्यांना सगळे पेंढेमास्तर म्हणत. तीस वर्षांत त्यांच्या खोक्यातला एकही कान तुटला नव्हता. कपाचा, म्हणजे. कामगारांचे कान ते रोजच उपटत. खोक्यात बोटभर फट दिसली की त्यांचा जीव खालीवर होई आणि ते मूठभर पेंढा कोंबून मोकळे होत. "हलायला जागा मिळाली की माल फुटतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. दुर्दैवाने ते घरीही येई.

पहिला तंबू त्यांनी याच हिशेबाने घेतला. पिशवीवर 'दोन माणसांसाठी' असं छापलेलं. तीन दिवसांच्या सहलीत बायकोच्या नाकाला एकीकडून ओलं कापड लागलं, दुसरीकडून मास्तरांचं कोपर. घरी परतल्यावर तिने स्पष्ट सांगितलं, "पुढच्या वेळी कूस बदलता आली नाही, तर तुम्ही एकटे जा. मी ताईकडे जाईन. तिच्याकडे पलंग आहे."

मास्तर हादरले. चार महिन्यांनी निवृत्ती होती आणि पुढचे सगळे बेत तंबूतलेच होते. एकट्याने जायचं तर बोलायचं कुणाशी आणि ऐकायचं कुणाचं?

तरीही दुकानात त्यांचा हात दोघांच्याच तंबूकडे गेला. "हा आधीच्यापेक्षा अडीच इंच रुंद आहे, अगं."

विक्रेती म्हणाली, "काका, दोघांचा म्हणजे दोघं खांद्याला खांदा लावून निजतात, एवढंच. बॅगा, चिखलाचे बूट आणि भांडण यांची जागा त्यात धरलेली नसते."

"पोरगी शहाणी आहे," बायको म्हणाली. "उभा कर गं तो. आम्ही आडवे होऊन बघतो."

दोघं आत शिरली. चेन लागली.

"आता वळा," बायकोने फर्मावलं.

मास्तर वळले. त्यांच्याबरोबर तंबूही वळला.

बाहेरून विक्रेती शांतपणे म्हणाली, "काका, दार आता खाली गेलंय."

आत थोडा वेळ नुसती धडपड चालली. मग बायकोने विचारलं, "फुटलं का काही?"

"जागा कमी आहे," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून तीस वर्षांत प्रथमच निघालं.

शेवटी चौघांचा तंबू घेतला. पावसासाठी वरून वेगळं आच्छादन आणि दोन बाजूंना दोन दारं, म्हणजे एकमेकांना तुडवायला नको.

नव्या तंबूतल्या पहिल्या सकाळी बायको ऐसपैस हातपाय ताणून उठली. पलीकडे मास्तर दोन बॅगा, चार बूट, स्टोव्ह आणि पातेली यांच्यात घट्ट बसवलेले होते.

"अहो, हे काय?"

"झोप येईना. हलत होतो."

तिने एकेक बूट उचलून दाराबाहेर ठेवला, बॅगा ढकलल्या आणि आपलं अंथरूण त्यांच्या शेजारी ओढलं.

"पेंढा म्हणून मी चालेन," ती म्हणाली. "कोपर तेवढं दुसऱ्या खोक्यात भरा."