गम्बोवरची चटणी

शॉमबर्ग या अमेरिकन उपनगरात, स्ट्रिप मॉलच्या बैठ्या दुकानांच्या रांगेत, ड्रायक्लीनरच्या शेजारी, लुइझियानातून आलेल्या एका माणसाचं तिकडच्या जेवणाचं छोटं हॉटेल आहे. स्वयंपाक तो स्वतःच करतो. गम्बो म्हणजे त्यांच्याकडचं दाट कालवण. त्यासाठी तो तेलात मैदा तासभर हलवत राहतो, पार चॉकलेटी होईपर्यंत. मध्ये कोणी हाक मारली तरी मान वर करत नाही. वाडगा मात्र पूर्वी स्वतः आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "खा, बेबी." त्याच्या गावात म्हणे सगळे सगळ्यांना बेबीच म्हणतात.

मीच मोठ्या फुशारकीने आमच्या मराठी मंडळाच्या लोकांना तिथे घेऊन गेलो. एका काकूंनी चव न बघताच पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढली. ती टेबलभर फिरली. माझ्यापर्यंत आली तेव्हा मीही चमचाभर घेतली. तो काउंटरपाशी उभा राहून बघत होता.

आता आमचे लोक तिथे रांग लावतात. गेल्या शनिवारी गेलो, तर वाडग्यात लाल तवंग होता आणि लसणाचा वास.

"पहिला गम्बो नाही का?" मी विचारलं.

टेबल पुसत तो म्हणाला, "तुम्हा लोकांना हाच आवडतो, सर."