माहीत नाही म्हणणाऱ्या म्हात्रे मॅडम

आमच्या कॉलेजात विद्यार्थी मार्गदर्शन कक्ष म्हणून एक खोली होती. जिन्याखालची. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेला क्रीडा विभागाचा जुना कॅरमबोर्ड. त्या कक्षाच्या प्रमुख म्हात्रे मॅडम. मराठी शिकवायच्या. बांधा ठेंगणा, आवाज मोठा, आणि साडी कुठलीही असो, पायात कायम पावसाळी चपला. त्यांच्याकडे कोणी काही विचारायला गेलं की दहातल्या नऊ वेळा उत्तर एकच यायचं : "मला माहीत नाही."

मी पहिल्यांदा गेले तेव्हाही त्या हेच म्हणाल्या. मी पहिल्या वर्षाला होते. शिष्यवृत्तीचा माझा अर्ज परत आला होता, आणि का परत आला ते कोणी सांगत नव्हतं. ऑफिसच्या खिडकीत सावंतभाऊ बसायचे. ती खिडकी इतकी खाली होती की बोलताना कमरेत वाकावं लागायचं. सावंतभाऊ मान वर न करता म्हणाले, "वरून परत आलाय."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून म्हणजे वरून. आता फी भर. शिष्यवृत्ती आली की तुझी तुला परत मिळेल. फी नाही तर हॉल तिकीट नाही."

फी भरता आली असती तर शिष्यवृत्ती कशाला मागितली असती, हे त्या खिडकीत वाकून सांगायला मला जमलं नाही. मागून रांग ढकलत होती. आमचं गाव म्हसळ्यावरून आत, डोंगराच्या कुशीत. आई भातशेती बघायची, बाबा मुंबईत एका कँटीनमध्ये होते. चक्रीवादळात घराची कौलं उडाली, वासे मोडले, म्हणून बारावीनंतर एक वर्ष मी घरीच बसले होते. त्यानंतर कॉलेजात नाव घातलं तेच मुळी शिष्यवृत्तीच्या भरवशावर. मामाने माणगावला कापडाच्या दुकानात माझ्यासाठी काम बघूनच ठेवलं होतं. "न्हाय जमलं तर सांग," असं तो दर रविवारी फोनवर म्हणायचा, अगदी मायेने.

माझ्या वर्गशिक्षकांना विचारलं तर ते म्हणाले, ऑफिसला विचार. ऑफिस म्हणालं, ज्या सायबर कॅफेतून अर्ज भरलास तिथे विचार. कॅफेवाला म्हणाला, माझं काम भरण्यापुरतं, पुढचं कॉलेजचं. शेवटी कोणीतरी जिन्याखालची खोली दाखवली, आणि तिथे मॅडम म्हणाल्या, मला माहीत नाही.

मला रडूच आलं. मनात म्हटलं, मार्गदर्शन कक्षाची पाटी लावून बसल्यात आणि यांनाही माहीत नाही! मी वळले. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अगं थांब की. मना नाय ठावं म्हटलं, इचारायचं नाय असं कुठं म्हटलं? चल."

मॅडम पेणकडच्या आगरी. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी स्वच्छ असायची. जिन्याखाली आल्या की आईची भाषा बोलायच्या. त्यांनी पाण्याची बाटली उचलली, खोलीला कडी घातली, आणि आम्ही ऑफिसात गेलो. मला वाटलं त्या आतल्या दाराने जातील. त्या आल्या आणि खिडकीपुढच्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. पुढच्या मुलांनी वाट करून दिली तर म्हणाल्या, "नको, तुम्ही आधी आलात." नंबर आला तेव्हा त्याही माझ्यासारख्याच वाकल्या. सावंतभाऊ गडबडून उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही कशाला इकडून?"

"मुलं इकडूनच येतात ना? सावंत, ही खिडकी अशी का हो? कंबर मोडते." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिचा अर्ज का परत आला?"

"वरून आलाय, मॅडम."

"मग वर जाऊ या," मॅडम म्हणाल्या. मला ते बोलण्यापुरतं वाटलं. पण त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर बोलावलं, आणि वर म्हणजे अलिबागला, जिल्ह्याच्या कार्यालयात, आम्ही खरोखरच गेलो.

मुलांबरोबर असं स्वतः जायच्या त्यांच्या सवयीची कॉलेजात थट्टा व्हायची. स्टाफरूममध्ये कोणी म्हणायचं, म्हात्रे मॅडमचा कक्ष फिरता आहे. त्यावर मॅडम म्हणायच्या, "बसून राहिलं की फक्त पाठ दुखते. काम काय होत नाय." एकदा एका मुलीला त्यांनी बँकेत नेलं तेव्हा तिथल्या साहेबाने नुसतं कागदावर बोट ठेवून, इथे सही कर, असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सही कुठे करायची ते तिला दिसतंय. का करायची ते सांगा."

अलिबागला निघालो त्या दिवशी आम्ही दिघीपर्यंत एसटीने गेलो आणि तिथून फेरीबोटीने आगरदांड्याला. बोटीवर वारा इतका होता की मॅडमनी पदर डोक्यावरून घेऊन दातात धरला होता. त्यांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही सगळ्यांबरोबर अशा जाता का?"

"आधी नाय जायची," त्या म्हणाल्या. "आधी मना सगळं ठावं होतं."

मग त्यांनी मला रेश्माची गोष्ट सांगितली. दिवेआगरच्या बाजूची मुलगी. तिच्या दोघी मोठ्या बहिणी शिष्यवृत्तीवर शिकत होत्या. रेश्मा मॅडमना विचारायला आली की मला मिळेल का. एका घरातल्या दोघांनाच मिळते असं मॅडमनी स्टाफरूममध्ये ऐकलेलं होतं. त्या खुर्चीतून न उठता म्हणाल्या, "तिसरीला नाही मिळत गं." रेश्माने मान हलवली, आभारही मानले, आणि पुढच्या आठवड्यात कॉलेज सोडलं. पुढे कितीतरी महिन्यांनी कोणाच्या तरी बोलण्यात आलं की ती अट फक्त मुलग्यांना होती. मुलींना नव्हतीच.

"मी तिच्या घरी गेले," मॅडम म्हणाल्या. "ती मुंबईला कामाला लागलेली. तिच्या आईला मी सगळं सांगितलं, चूक माझी म्हणून. बाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चहा केला. म्हणाली, मॅडम, तुम्ही नाही म्हणालात म्हणजे इचार करूनच म्हणाल्या असाल."

त्यांनी आणखी एक भाकरी मोडली. मी विचारलं, "रेश्मा आता?"

"बरी आहे म्हणतात. बरी म्हणजे कशी, ते मना नाय ठावं." मग भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "नाही म्हणायला काय, तोंडातून एक शब्द जातो. ऐकणारा तो घेऊन घरी जातो, आई-बापाला सांगतो, आणि घर ठरवतं. हे आपल्याला खुर्चीत बसून दिसत नाय. खा."

मुरुड, काशीद, रेवदंडा करत दुपारी आम्ही अलिबागच्या कार्यालयात पोचलो. साहेब म्हणाले, उद्या या. मॅडम म्हणाल्या, "उद्या यायचं म्हणजे परत बोट ओलांडायची, साहेब. आम्ही इथेच बाकावर बसतो. सवड झाली की हाक मारा." सांगण्यात ना भांडण होतं ना विनवणी. त्या बसल्या आणि प्रथम वर्षाचे निबंध तपासायला लागल्या. मला घड्याळाकडे बघवत नव्हतं. हे असंच बसून संध्याकाळ होणार आणि मी कापडाच्या दुकानात जाणार, असं वाटत होतं.

चहाच्या वेळेनंतर कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एका तरुण बाईंनी आम्हाला बोलावलं. अर्जाचा नंबर विचारला आणि कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. "हे बघा. अर्ज नामंजूर नाहीये. मधलं एक वर्ष शिक्षण का खंडित झालं, एवढंच आम्ही कॉलेजला विचारलंय. कॉलेजचं उत्तरच नाही. ते कॉलेजच्या खात्यात उघडून बघायचं असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे एक ओळ लिहायची होती! वादळात घर गेलं, एवढी एक ओळ. आणि मी इतके दिवस त्या खिडकीत वाकत होते. बाहेर आल्याबरोबर मी म्हटलं, "मॅडम, त्या सावंतभाऊंची तक्रार करू या."

मॅडम नारळवाल्याकडे वळल्या. त्यांनी दोन शहाळी घेतली, एक मला दिलं, आणि सावंतभाऊंना फोन लावला. मला वाटलं, आता ऐकवतील. त्या म्हणाल्या, "सावंत, उद्या सकाळी मी तुमच्याशेजारी खुर्ची टाकून बसणार आहे. मना ते शिष्यवृत्तीचं पोर्टल शिकायचंय."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी दारात उभी राहून पाहिलं. सावंतभाऊ आधी चिडले. "माझी चूक काढायला आलात ना? मी शिपाई म्हणून लागलो, मॅडम. एक दिवस समोर कॉम्प्युटर आणून ठेवला आणि म्हणाले, आजपासून शिष्यवृत्ती तुझ्याकडे. कोणी शिकवलं नाही. मुलं शिव्या घालतात, प्राचार्य शिव्या घालतात. मी वरून आलंय म्हणणार नाही तर काय म्हणणार?"

"माहीत नाही म्हणा," मॅडम म्हणाल्या. "मी म्हणते. काय होत नाय. सुरुवातीला जरा लाज वाटते. सरका थोडं."

दोघं शेजारी बसले. अलिबागच्या बाईंनी आपला नंबर दिला होता. अडलं की मॅडम त्यांना फोन लावायच्या आणि फोन सावंतभाऊंच्या हातात द्यायच्या. पडद्याच्या एका कोपऱ्यात दाबल्यावर कॉलेजला विचारलेल्या प्रश्नांचा भाग उघडला. माझा एकटीचा प्रश्न नव्हता तिथे. खाली सरकवत जावं तशी नावं येत होती. कोणाचा दाखला वाचता येत नव्हता, कोणाच्या बँकेच्या खात्यात आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं. सावंतभाऊंचा चेहरा उतरला. मॅडमनी त्यांच्याकडे न बघताच मला सांगितलं, "सुजाता, वर्गावर्गात जा. नावं सांगते त्यांना बोलाव."

मी अख्खं कॉलेज पालथं घातलं. त्या आठवड्यात ऑफिसात खिडकीतून बोलणं बंद झालं. मुलं आत येऊन सावंतभाऊंच्या शेजारी बसायला लागली. माझं उत्तर सावंतभाऊंनी स्वतः टाइप केलं. मला वाचून दाखवलं. "बरोबर आहे ना गं?" असं त्यांनी विचारलं, आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

हॉल तिकिटासाठी मॅडम मला घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. शिष्यवृत्तीचं उत्तर येईपर्यंत कोणाचं हॉल तिकीट अडवू नये, एवढं त्यांना लिहून हवं होतं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, हिला दिलं तर उद्या सगळेच मागतील."

"मागू द्या ना, सर. शिकायलाच आलीत ती. परीक्षा नाही मागणार तर काय मागणार?"

प्राचार्य हसले आणि त्यांनी लिहून दिलं.

सगळ्यांचं झालं नाही. बी.कॉम.च्या एका मुलाची मुदत उलटून गेली होती, आणि ती काही केल्या वाढली नाही. मॅडम त्याला ऑफिसात बोलावून सांगू शकल्या असत्या. त्या त्याच्या घरी गेल्या, आईवडिलांसमोर बसल्या, आणि कॉलेजकडून उशीर झाला, मुलाची काही चूक नाही, असं सांगून आल्या. पुढच्या वर्षी त्याचा अर्ज सगळ्यांच्या आधी गेला. माझी शिष्यवृत्ती परीक्षेनंतर आली. मामाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं गं. त्या दुकानात उभं राहून पाय दुखतात."

मी बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं, आणि यंदा माणगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांनी भाषण टाळलं. सावंतभाऊंनी मात्र केलं, चार वाक्यांचं, आणि मध्येच खाली बसले.

या हिवाळ्यात मी मॅडमना भेटायला पेणजवळ त्यांच्या गावी गेले. एकेकाळी त्यांच्या घरची मिठागरं होती. आता भावाचे दोन डंपर अंगणात उभे असतात. मला वाटलं होतं, मॅडम निवांत असतील, पापड वाळवत असतील. त्या ओटीवर झोपाळ्यावर बसल्या होत्या आणि मांडीवर एक जाडजूड पुस्तक. केस आणखी पिकलेले, चष्मा नवा.

"वकिलीला नाव घातलंय," त्या म्हणाल्या. "पनवेलला. रोज एसटीने जाते. वर्गातली पोरं मावशी म्हणतात आणि मला नोट्स देतात."

"मॅडम, आता? या वयात?"

"आता येळ हाय म्हणून. नोकरी होती तेव्हा पोरांची कामं होती." मग एकदम घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "पण सुजाता, सोमवारी परीक्षा आहे गं. करार कायदा. डोक्यात काय राहत नाय. घरात सगळ्यांना इचारून झालं, कोणी प्रश्न विचारायला बसत नाय. तू बस."

पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि स्वतः झोपाळ्यावरून उतरून माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. मी पहिला प्रश्न विचारला. त्यांचं उत्तर चुकलं. मी सांगितलं, चुकलं मॅडम. त्या खळखळून हसल्या, कपाळावर हात मारला, आणि म्हणाल्या, "परत विचार."

वहिनी चहा ठेवून गेली तो गार झाला. माझी चारची एसटी गेली, मग पाचची. सहाच्या सुमारास त्यांनी तो सगळा धडा एका दमात, न अडखळता म्हणून दाखवला, आणि भावाला हाक मारून म्हणाल्या, "अरे, गाडी काढ. बाईंना स्टँडवर सोडायचंय."